झाकणाच्या आतलं साल

माझ्याजवळ तेरा जुनी मनगटी घड्याळं आहेत. पत्र्याच्या डब्यात, धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली. रोज सकाळी एक काढते, चावी देते, डाव्या हाताला बांधते. दुसऱ्या दिवशी दुसरं. बघणाऱ्याला वाटतं म्हातारीला नाद लागलाय. पुतण्याची सून सांगते, हल्ली शहरात लोक मुद्दाम जुनी घड्याळं शोधून घेतात आणि हातात घालून मिरवतात. मिरवू देत. मला घड्याळाची हौस कधी नव्हती. वेळ बघायची तर मुळीच नव्हती. भूक लागली की जेवते, डोळे मिटले की झोपते. कुणी जुनं घड्याळ आणून दिलं तर मी आधी ते पालथं करते आणि मागचं झाकण उघडते. तबकडी नंतर बघते, किंवा बघतही नाही.

हे का, ते एकदा लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. तेवढ्यात बसेल ते लिहीन.

आमचे मालक घडीसाज होते. मोगलाईत, म्हणजे तेव्हाच्या हैदराबादच्या राज्यात, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला घडीसाजच म्हणत. नळदुर्गात मोटारअड्ड्याजवळ त्यांचं एक लाकडी खोकं होतं, वर काच, आत चिमटे, सुया, डोळ्याला लावायचं भिंग. आधी काम फार नसायचं. मग दुसरी मोठी लढाई संपली, पलटणीतून सुटलेले लोक गावोगाव परत आले आणि त्यांच्या हाताला घड्याळं आली. कुणाचं चिखलात पडलेलं, कुणाचं घामानं गंजलेलं. अंधारात हिरवे काटे दिसणारी घड्याळं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. माझं लग्न नुकतंच झालं होतं.

दुरुस्त झालेलं घड्याळ मालक लगेच परत देत नसत. ते म्हणायचे, खोक्यावर ठेवलेलं घड्याळ शहाण्यासारखं वागतं, हातावर गेलं की त्याचा खरा स्वभाव कळतो. म्हणून आठ दिवस ते अंगावर चालवून बघायचं. हात हलतो, घाम लागतो, पाण्याची घागर उचलली की धक्का बसतो. रोज सकाळी ठाण्यात तासाचा टोल पडला की किती मिनिटं पुढं, किती मागं, ते बघायचं. त्यांच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चार-चार घड्याळं असायची. हात पुरेना तेव्हा दोन मला बांधली.

बाईच्या हातात घड्याळ ही गोष्ट तेव्हा आमच्याकडं कुणी पाहिली नव्हती. त्यात काचेच्या बांगड्या घड्याळाला लागायच्या, तबकडीच्या काचेवर चरे पडायचे. मालक म्हणाले, डाव्या हातातल्या काढून ठेव. मी काढल्या. सासूबाईंनी बघितलं आणि चुलीपुढं बसल्या बसल्या कपाळ बडवून घेतलं.

"आगं, एका हातानं सवाष्ण आन एका हातानं रांडमुंड, आसं कुणी पाह्यलंय का?"

मालक म्हणाले, "आई, आठ दिवसांची गोष्ट हाय."

"आठ दिस आठ दिस करत वरीस जाईल, बघ तू."

सासूबाई तोंडाच्या फटकळ होत्या. मीही तशीच. त्यामुळं आमचं बरं चालायचं.

घड्याळ आठ दिवस नीट चाललं की मालक झाकण उघडून आतल्या बाजूला सुईच्या टोकानं खूण करायचे. तीन रेघांचं बेलाचं पान आणि त्याखाली सालाचे दोन आकडे. साल म्हणजे फसली साल. मोगलाईत सरकारी साल तेच, दसरा-दिवाळीच्या सुमाराला बदलायचं. ही खूण करताना ते श्वास रोखून धरायचे आणि मी कंदील धरून उभी राहायचे. आकडा बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही. मी पान बघितलेलं आहे, आकडा कधी नीट बघितला नाही. हे लक्षात ठेवा. माझं सगळं नुकसान इथंच झालं.

मग गडबडीचं साल आलं. सत्तावन्न, म्हणजे इंग्रजी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. त्याबद्दल लोकांनी पुष्कळ सांगितलं आहे, मी पुन्हा सांगत नाही. घरं जळत होती आणि माणसं हद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला जात होती, एवढं पुरे. संक्रांत झाल्यावर आम्हीही निघालो. सासूबाई, मालक, मी. वाटेत झडती व्हायची म्हणून मालकांनी गिऱ्हाइकांची अकरा घड्याळं बरोबर घेतली नाहीत. चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली, पुढं दगड लावला आणि मी त्यावर शेणानं लिंपून घेतलं. माझ्या हातावर चालायला दिलेलं एक तेवढं तसंच बरोबर आलं. ते घेतलं म्हणायचं की विसरून आलं म्हणायचं, मला माहीत नाही.

हद्दीपलीकडं एका गावात कापसाचं रिकामं गोदाम होतं, तिथं चाळीसेक घरं राहत होती. चार काठ्या आणि एक लुगडं बांधलं की झालं घर. मालकांना तिथं काम नव्हतं. हत्यारं होती, घड्याळं नव्हती. ते दिवसभर त्या अकरा घड्याळांबद्दल बोलायचे. अमकं शाळामास्तराचं, त्याला बापानं दिलेलं. अमकं त्या पलटणीतल्या माणसाचं, त्याचा मित्र मेला तेव्हा त्यानं त्याच्या हातातून काढून आणलेलं. लोकांनी विश्वासानं दिलेली वस्तू आपण चुलीमागं टाकून आलो, हे त्यांना सोसत नव्हतं. पावसाळ्यात तर त्यांनी धसकाच घेतला. "लिंपण ओलं होईल. घड्याळं गंजतील."

मी म्हणाले, "माणसं मरायला लागलीत आणि तुम्हाला गंजाचं पडलंय."

"माणूस माझ्या हातात न्हाय. गंज हाय."

श्रावणात एक दिवस सकाळी ते नळदुर्गाकडं निघाले. सासूबाईंनी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मी काही धरलं नाही. मला रागच आला होता. जाताना त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, घड्याळ कानाला लावून ऐकलं.

"खूण केली खरी, पण ह्याची तपासणी अजून माझ्या मनासारखी झालेली न्हाय. आठ दिवस आणखी चालव. रोज चावी दे, आन् झाकण उघडू नको, धूळ जाईल. आठव्या दिवशी मी आलो की माझ्या हातात दे."

"आणि नाही आलात तर?"

"तर चावी दे."

हे आमचं शेवटचं बोलणं. यात गोड काही नाही, पण मी ते बदलणार नाही.

आठवा दिवस गेला. नववा गेला. मी कोळशानं भिंतीवर रेघा ओढत होते, पंधरा झाल्यावर थांबवलं. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "चाललंय का गं?" घड्याळ चालत होतं. त्यांनी मनात धरलं होतं की घड्याळ चाललंय तोवर पोरगा चाललाय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण भाद्रपदात एकदा पावसात भिजून आले आणि कानाला लावलं तर आवाज ऐकू येईना. मी खाली बसून हात हलवत राहिले, हलवत राहिले. माझ्या कानात पाणी गेलं होतं, घड्याळ चालूच होतं. त्या दिवशी मला कळलं की मीही सासूबाईंपेक्षा शहाणी नाही.

गणपतीत सोलापूरकडून फौज आली आणि चार-पाच दिवसांत मोगलाई संपली. लोक नाचत घरी गेले. आम्हीही गेलो. छप्पर अर्धं जळालेलं होतं. मी आत शिरून आधी चुलीमागं बघितलं. लिंपण फोडलेलं, दगड बाजूला, कोनाडा रिकामा. मालकांनी काढली की दुसऱ्या कुणी, हे कोनाड्यावरून सांगता येत नाही. मी त्यात हात घालून भिंतीपर्यंत चाचपलं. कोळ्याचं जाळं हाताला आलं.

त्यांना कुणी मेलेलं बघितलं नव्हतं. जिवंतही कुणी बघितलं नव्हतं. भाऊबंद बसले आणि ठरवलं की पुढच्या श्रावणापर्यंत वाट बघायची. नाही आला तर पिठाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकायचं आणि माझ्या बांगड्या फोडायच्या. सासूबाईंनी सोनारीच्या भैरोबाला नवस बोलला. मी नवस बोलले नाही. मी हिशोब केला. दसऱ्याला अठ्ठावन्न साल लागेल. माणूस जिवंत असेल तर कुठंतरी पोटासाठी काम करणार. दुसरं काम त्याला येत नाही. त्याच्या हातून गेलेल्या घड्याळात पान असणार आणि पानाखाली अठ्ठावन्न असणार. ते एक घड्याळ सापडलं की झालं.

तेव्हापासून मी घड्याळं शोधू लागले. मोटारअड्ड्यावर उभी राहायचे आणि ज्याच्या हातात घड्याळ दिसेल त्याला म्हणायचे, "जरा काढून द्या, मागचं झाकण बघायचंय." वीस-एकवीस वर्षांची बाई, एका हातात बांगड्या, एका हातात घड्याळ, परक्या पुरुषाचं मनगट धरते. काय काय ऐकलं असेल ते तुम्हीच समजा. चहाच्या टपरीवरचा एक रोज ओरडायचा, "बाई, येळ बघतीस का नवरा बघतीस?"

मी म्हणाले, "नवरा. येळ तू बघ, तुला लई रिकामा हाय."

त्या दिवसापासून तो ओरडायचा थांबला आणि घड्याळवाला कुणी आला की मला हाक मारू लागला.

पान सापडायचं. छप्पन्न सापडलं, सत्तावन्न सापडलं. प्रत्येक वेळी मी झाकण परत बसवायचे आणि पुढच्या मोटारीकडं बघायचे. माघ गेला, फाल्गुन गेला. सासूबाईंनी खाणं कमी केलं. त्या मला बोलायच्याही बंद झाल्या, आणि मला त्यांच्या शिव्यांची सवय होती. घरात नुसतं घड्याळ वाजायचं.

चैत्रात एक मालमोटारीचा ड्रायव्हर भेटला. हैदराबादच्या रस्त्यावर फिरणारा, तोंडात पान, हाताला पितळी पट्ट्याचं घड्याळ. मी सुरीच्या टोकानं झाकण उचकटायला लागले तसा तो म्हणाला, "मावशी, टाइम इचारायचा तर तोंडानं इचार की. घड्याळ कशाला कापतीस?"

आत पान होतं. पानाखाली अठ्ठावन्न.

मी ते उन्हात धरलं, सावलीत धरलं, ड्रायव्हरला वाचायला लावलं. त्याला वाचता येत नव्हतं. टपरीवाल्याला बोलावलं, त्यानं वाचलं. अठ्ठावन्नच. घड्याळ कुठलं विचारलं तर म्हणाला, उमरग्याच्या बाजारात घेतलं, दोनेक महिने झाले. मी घरी पळत गेले. सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या, हात-पाय धुतले, आणि मला म्हणाल्या, "तोंड काय बघतीस, चूल पेटव." त्यांनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला साखर वाटून झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी मोटारीनं उमरग्याला गेले. एकटी. तिथं मालकांचे उस्ताद होते, ज्यांच्याकडं ते काम शिकले. मालक उमरग्याकडं असतील तर उस्तादांना माहीत असणार, हे सरळ होतं. उस्ताद फार म्हातारे झाले होते, दाढी छातीपर्यंत. बाजारपेठेत एका कापडवाल्याच्या ओट्यावर बसायचे. मी सगळं सांगितलं. पान, अठ्ठावन्न, ड्रायव्हर. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "तेरे हात का कब का है, बेटी?"

मी म्हणाले, "हे गेल्या साली त्यांनी दुरुस्त केलेलं. सत्तावन्नात. ते गेले तेव्हापासून हातातच आहे. उघडू नको म्हणालेत."

"दे."

त्यांनी भिंग लावलं, झाकण काढलं, आणि घड्याळ माझ्यापुढं धरलं. आत पान होतं. पानाखाली अठ्ठावन्न.

मला काही कळेना. मी म्हणाले, ते गेले तेव्हा अठ्ठावन्न लागलंच नव्हतं. उस्तादांनी स्वतःच्या खोक्यातलं एक घड्याळ उघडलं, कालच तयार झालेलं. त्यात त्यांची चांदणीची खूण आणि खाली एकोणसाठ. दुसरं उघडलं. एकोणसाठ. तिसरं. बाहेर साल अठ्ठावन्न चालू होतं.

"ये काम का साल नै, बेटी. जबान का साल है."

म्हणजे असं, की घडीसाज काम केल्याचं साल लिहीत नाही. आपण कुठवर शब्द देतो ते साल लिहितो. पुढच्या सालापर्यंत घड्याळ बिघडलं तर परत आण, फुकट करून देईन. उस्तादांनी सगळ्या शिष्यांना हेच शिकवलं होतं. ड्रायव्हरच्या हातातलं घड्याळ सत्तावन्नातच दुरुस्त झालेलं, म्हणजे आमच्या चुलीमागच्या अकरांपैकी एक होतं, बाकी काही नाही. मालकांच्या जिवंतपणाशी त्याचा संबंध नव्हता.

मी त्या ओट्यावर किती वेळ बसले माहीत नाही. रडले नाही. मला एकच गोष्ट दिसत होती. मी कंदील धरून उभी आहे, माझा नवरा माझ्या नाकासमोर सत्तावन्न सालात अठ्ठावन्न कोरतोय, आणि मी उद्याच्या पिठाचा विचार करतेय. एकदा वाकून बघितलं असतं तर. एकदा विचारलं असतं तर. दोन-तीन वर्षांचा संसार, त्यात मी त्या माणसाचं काम एवढंही बघितलं नव्हतं.

उस्ताद म्हणाले, त्यांच्याकडं तो आलेला नाही. येईल तर कळवतील. मग त्यांनी माझ्या घड्याळात तेलाचा एक थेंब टाकला, झाकण बसवलं, आणि हातात देताना म्हणाले की बंद ठेवू नकोस, बंद ठेवलं की आतलं तेल घट्ट होतं, घड्याळ मरतं.

घरी आले तेव्हा सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. नवा नारळ शेजारी ठेवलेला, भैरोबाला न्यायचा.

"उस्तादानं बघितलं?"

"बघितलं, आत्याबाई."

"अठ्ठावन्नच हाय न्हवं?"

"व्हय. अठ्ठावन्नच हाय."

मी खोटं बोलले नाही. आयुष्यात कुणाशी तोंडावर खोटं बोलले नाही. अठ्ठावन्न म्हणजे काय, तेवढं सांगितलं नाही. सासूबाईंनी पदर कपाळाला लावला. म्हणाल्या, "म्या म्हणत हुते." मी आत जाऊन पाणी प्याले.

श्रावण आला. भाऊबंद आले. सासूबाईंनी त्यांना अंगणातूनच परत लावलं. "माझा पोरगा अठ्ठावन्नात काम करतोय. कुणाचं क्रियाकर्म करता? तुमचं करा." टपरीवाल्यानंही साक्ष दिली, आपण डोळ्यांनी वाचलंय म्हणून. कुणी पुतळा केला नाही. माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या राहिल्या. लोकांनी मला भाग्यवान म्हटलं. मी मान हलवायचे आणि भांडी घासायला बसायचे.

सासूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. सहा वर्षं रोज सकाळी एकच प्रश्न, "चाललंय का?" आणि मी व्हय म्हणायचे. मरताना त्यांनी मला सांगितलं की तो आला की त्याला चटणी-भाकरी घाल, गोडाचं नको, लांबून आलेल्या माणसाला गोड बाधतं. त्या गेल्या त्या दिवशी मी कोनाड्याजवळ बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं सासूसाठी. थोडं त्यांच्यासाठीही होतं.

त्यांच्या मागं मला कुणी बांगड्या फोडायला सांगितलं नाही. मीही फोडल्या नाहीत. आजही उजव्या हातात चार आहेत, डाव्या हातात घड्याळ. एक हात सवाष्णीचा, दुसरा कशाचाच नाही. सासूबाईंचं बोलणं खरं झालं.

अकरांपैकी सात मला इतक्या वर्षांत मिळाली. ड्रायव्हरनं त्याचं बंद पडल्यावर आणून दिलं, म्हणाला, "मावशी, हे तुझंच हाय, आधीच द्यायला पायजे हुतं." शाळामास्तरांचं मिळालं तेव्हा मास्तर वारले होते, घरच्यांनी नको म्हटलं. माझ्या हातातलं आठवं. उरलेली पाच त्याआधीची, पंचावन्न-छप्पन्न सालात दुरुस्त झालेली. बिनपानाची मी ठेवत नाही. सगळी बारी बारीनं हातात घालते, कारण बंद ठेवली की तेल घट्ट होतं. दुसरं कारण नाही. निदान मी दुसरं सांगणार नाही.

पण शोधायचं थांबलं नाही, ते का, हेही सांगते. त्या दिवशी उमरग्याहून येताना मोटारीतच माझ्या डोक्यात आलं होतं. अठ्ठावन्न खोटं ठरलं. पण ते श्रावणानंतर जगले असतील, दसऱ्यानंतर कुणाचं एक घड्याळ जरी त्यांच्या हातातून गेलं असेल, तर त्यात एकोणसाठ असेल. एकोणसाठ खोटं ठरू शकत नाही. पुढं सरकारनं फसली साल बंद केलं, सगळीकडं इंग्रजी आलं, म्हणून मी इंग्रजी आकडेही बघते. आज ते असते तर नव्वदीला टेकले असते. मला गणित येतं. तरी बघते.

परवा पुतण्याची सून लातूरहून एक घड्याळ घेऊन आली. जुन्या बाजारात मिळालं म्हणाली, पलटणीचं आहे, हिरव्या काट्यांचं. झाकण गंजून घट्ट झालं होतं. माझ्या बोटांत आता जोर नाही, तिनं उघडून दिलं. मी भिंग लावलं. तिनं विचारलं, "आजी, आहे का काही?"

आत काही नव्हतं. कुणाचीच खूण नव्हती. मी झाकण लावून घड्याळ तिच्या हातात दिलं आणि माझ्या हातातल्याला चावी दिली.